आजीचे बोल आणि आपली वही

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त चंडीगड येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सव म्हटला की संस्थापकांचे, देणगीदारांचे, निवृत्त गुरुजनांचे स्मरण होते. ते व्हायलाच हवे. परंतु शाळेच्या कोणत्याही पटावर ज्यांचे नाव नाही आणि तरीही ज्यांनी मुलांना बोलते करून आमच्या हाती सोपविले, अशा आज्यांविषयी आज दोन शब्द बोलावेत असे मला वाटले. घरापासून इतक्या दूर, पंजाबच्या या भूमीवर, तो विषय अधिकच जवळचा आहे.

आपल्या सर्वांची म्हणावी अशी एक आजी महाराष्ट्राला लाभली. तिचे नाव बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या घरी, 1880 साली तिचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधरींच्या घरात आली. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी लहान मुले, माथ्यावर शेतीचा भार आणि अक्षराची ओळख नाही. अशा स्थितीत ही बाई शेतात राबताना, जात्यावर बसताना, चुलीपुढे भाकरी थापताना गाणी रचीत राहिली. सुगरणीचा खोपा, पेरणी, कापणी, मोट, तवा, जाते, माहेरची वाट, माणसाचे चंचल मन, असे जे समोर आले ते तिच्या गाण्यात उतरले.

तिचे चिरंजीव सोपानदेव हे पुढे कवी म्हणून नावारूपास आले. त्यांनी सांगितलेली एक आठवण प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. शाळेत असताना त्यांनी पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो आईने त्या कथेवर गाणे रचलेले! मुलाने ते उतरवून घेतले. पुस्तक शाळेचे, वाचणारा मुलगा आणि गाणे निरक्षर आईचे. शाळा आणि घर यांचे नाते कसे असावे, हे सांगायला मला याहून सुंदर उदाहरण ठाऊक नाही.

बहिणाबाईंची श्रद्धा त्यांच्या कामात मुरलेली होती. शेतातून उगवणारा कोंब आणि देव्हाऱ्यातील मूर्ती यांत त्यांना अंतर दिसत नसे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने सरस्वतीला आपली माय मानले आणि आपल्याला जे सुचते ते तीच शिकविते, असा भाव गाण्यातून व्यक्त केला. दुःख पुष्कळ भोगले, पण त्यांच्या शब्दांत कडवटपणा उतरला नाही. श्रद्धेने माणसाला काय दिले हे पाहायचे असेल, तर ते येथे दिसते.

3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले 1952 साली. ते त्यांनी पाहिले नाही. आणि ते निघाले तेही सहज निघाले नाही. सोपानदेव स्वतः मान्यवर कवी, तरी आईची वही लोकांपुढे ठेवताना त्यांचे मन कचरत होते. आई शेतकरी, अशिक्षित, तिची भाषा खानदेशी. साहित्याच्या दरबारात तिचे कोण ऐकणार, असा तो संकोच होता. आचार्य अत्रे यांनी ती गाणी ऐकली, त्यांचे मोल ओळखले आणि ही ठेव महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही असे बजावले. पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. पुढे 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी घरोघरी पोहोचली आणि 2018 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला या निरक्षर कवयित्रीचे नाव देण्यात आले. हे सारे घडले, कारण कोणीतरी ऐकून उतरवून ठेवले होते.

उतरवून ठेवण्याचे हे माहात्म्य पंजाबच्या मातीला वेगळे सांगायला नको. आपले संत नामदेव या प्रदेशात आले, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले. गुरू अर्जनदेवांनी 1604 साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांच्या वाणीला स्थान मिळाले. त्यांची 61 पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरुद्वारांतून गायिली जातात. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते या ऋणानुबंधामुळेच. गायिलेला शब्द लिहिणारा भेटला, म्हणून तो सात शतके टिकला.

ज्यांना असा लिहिणारा भेटला नाही, त्यांचे काय झाले? माझी आजीही खानदेशातलीच. जुन्या लुगड्यांच्या ती गोधड्या शिवी. गावात पिठाची गिरणी आली, घरातले जाते थांबले, तेव्हा तिच्या ओव्या सुईबरोबर चालू लागल्या. टाका लहान तशी चालही संथ झाली. पहिली ओवी विठ्ठलाला, मग माहेराला, मग आम्हा नातवंडांना. प्रत्येक गोधडीच्या आत ती आपल्या दिवंगत सासूच्या लुगड्याचा एक तुकडा घाली आणि म्हणे, आत म्हातारी आहे, पोरांना थंडी वाजायची नाही. आज त्यांतली एक गोधडी माझ्याकडे आहे. ओव्या मात्र माझ्या आत्याला आठवतात तेवढ्याच, सात-आठ. ज्या घरात रोज ओवी होत होती, तिथे एवढेच उरले.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक जणी शेतकरी आणि मजूर बाया. एवढे धन आपल्या घराघरांत होते! जे गोळा झाले नाही ते किती असेल, याची कल्पनाच करावी.

या चंडीगडमध्येच नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, तुटक्या कपबश्या आणि टाकाऊ वस्तू यांतून रॉक गार्डन घडविले. कित्येक वर्षे ते काम कोणाच्या नजरेस पडले नाही. नजरेस पडले तेव्हा ते पाडण्याचे बोलणे झाले. सुदैवाने त्याचे मोल ओळखले गेले आणि 1976 साली ते लोकांसाठी खुले झाले. आपल्या आज्यांची चिंध्यांची गोधडी आणि फाटक्या दिवसांतून शिवलेली गाणी याच जातीची आहेत. त्यांनाही ओळखणारी नजर हवी.

येथे मी शिक्षिका म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही करीत राहू. परंतु लेवा गणबोलीत डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. आजीकडून तो शब्द घेऊन आलेल्या मुलाला वर्गात हसू लागले, तर तो आधी शब्द टाकतो आणि मग हळूहळू आजीपाशी बसणेही टाकतो. वहीत ‘डोळा’ लिहावा. आजीशी बोलताना ‘डोया’ म्हणावा. दोन्ही आपलेच आहेत. बहिणाबाईंची भाषा ‘शुद्ध’ करून छापली असती, तर त्या गाण्यांचा प्राणच गेला असता.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हिवाळा संपता संपता गावाहून आजी येते. नातवंडे शाळेत हिंदी-इंग्रजी, मैदानावर पंजाबी बोलतात. आजी त्यांच्याकडे कौतुकाने पाहते आणि बोलायला कोणी नाही म्हणून गप्प बसते. तिच्या पोटातल्या म्हणी, कहाण्या, व्रताची गाणी, लोणच्याचे प्रमाण, देवाशी चाललेले तिचे हितगुज, सारे तिच्याबरोबर परतीच्या गाडीत बसते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. हीरक महोत्सवाची देणगी म्हणून शाळेला प्रत्येक घरातून एक वही द्या. मुलाने आजीला विचारावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे. मराठी लिहिता येत नसेल तर आईवडिलांनी हात धरावा. व्याकरण सुधारू नये. आजीचे गाव, ती बोलते ती बोली आणि लिहिल्याची तारीख तेवढी वर घालावी. आपल्या आजीत बहिणाबाई असेलच असे नाही. पण विचारल्याशिवाय ते कळणार कसे?

या वह्या आम्ही शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या शेजारी ठेवू. ज्यांना कधी शाळेची पायरी चढता आली नाही, त्या आज्या अशा रीतीने आमच्या शाळेत येतील, याहून मोठा उत्सव तो कोणता?