व्हायोलिनची पारख

व्हायोलिन हे वाद्य युरोपात जन्मले. पण भारतीय संगीताने त्याला आपल्या घरातले करून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात रुजवले. विसाव्या शतकात गजाननराव जोशी, विष्णु गोविंद जोग यांच्यासारख्या वादकांनी त्यातून ख्यालाचे आलाप आणि ताना ऐकवल्या. साहजिकच, घरातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने व्हायोलिन शिकावे असे पुष्कळांना वाटते. मग पालक दुकानात जातात आणि झळझळीत रोगण पाहून वाद्य पसंत करतात. नेमकी येथेच फसगत होण्याचा संभव असतो.

हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनवर स्वराची जागा बोटाने आणि कानानेच शोधावी लागते. वाद्य सदोष असेल तर योग्य जागी बोट पडूनही स्वर खरखरतो किंवा दबतो. अनुभवी वादक हा दोष वाद्याला देईल. नवशिका तो स्वतःकडे घेतो. आपल्याला सूरच नाही अशी त्याची समजूत होते आणि काही महिन्यांत व्हायोलिन कपाटावर जाऊन बसते. म्हणून पहिले वाद्य भारी नसले तरी चालेल. ते निर्दोष मात्र असले पाहिजे.

वाद्याच्या पोटावर इंग्रजी ‘एफ्’ अक्षरासारख्या दोन फटी असतात. त्यांतून आत डोकावले की बहुधा छापील चिठ्ठी दिसते आणि तिच्यावर पुष्कळदा क्रेमोना येथील अंतोनियो स्त्रादिवारी या थोर कारागिराचे नाव असते. त्या नावाने हुरळून जाऊ नये. स्त्रादिवारी १७३७ साली वारला. एकोणिसाव्या शतकात जर्मनी व फ्रान्समधील कारखान्यांनी त्याच्या घाटाची असंख्य वाद्ये बनवली आणि आत त्याचेच नाव चिकटवले. चिठ्ठीवर ‘मेड इन जर्मनी’ असेही छापलेले असेल, तर ते वाद्य परदेशी विक्रीसाठी कारखान्यात तयार झाले हे उघडच आहे.

तेव्हा चिठ्ठी सोडून लाकडाकडे वळावे. चांगल्या व्हायोलिनचे पोट स्प्रूसचे, पाठ व बाजू मेपलच्या आणि बोटे फिरतात ती पट्टी आबनुसाची असते. हलक्या लाकडाला काळा रंग दिलेला असेल तर तो लवकर झिजतो आणि तारांखाली चर पडतात. कडेने सर्वत्र बोटाच्या पेराने हळूच ठोकून पाहावे. एखाद्या ठिकाणी फुटका आवाज आला तर तेथला सांधा सुटला आहे असे समजावे. सांधे सरसाने जोडलेले असल्यामुळे हा दोष कुशल कारागीर सहज दुरुस्त करतो. लाकडाला पडलेली चीर ही वेगळी गोष्ट. घोडीच्या एका पायामागे, पोट व पाठ यांच्यामध्ये, एक बारीक खांब नुसत्या दाबाने उभा असतो. इटालियन भाषेत त्याला ‘आत्मा’ म्हणतात. त्याच्या जागी पाठीला चीर असेल तर ते वाद्य घेऊ नये. घोडी वाकलेली नसावी आणि तारा पट्टीपासून फार उंच नसाव्यात. नाहीतर कोवळी बोटे दुखावतात. मुलासाठी हाताच्या लांबीप्रमाणे पाऊण वा अर्ध्या मापाचे वाद्य घ्यावे.

आपल्याकडील वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायावर टेकवतो आणि तारा बहुधा षड्ज-पंचमांत, पाश्चात्य पद्धतीपेक्षा खाली लावतो. म्हणून परीक्षाही त्याच मेळात घ्यावी. एकेका तारेवर खालून वरपर्यंत सावकाश मींड घ्यावी. मध्येच स्वर गुरगुरला वा पोकळ झाला तर तो दोष रोज छळणार. खुंट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. मुंबई-कलकत्त्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून त्या घट्ट बसतात; नागपूर-दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याच सुकून निसटतात. विकत घेतानाच त्या नीट बसवून घ्याव्यात.

नावाचे आणि किमतीचे दडपण कानावर किती असते, याचा प्रयोग २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झाला. २१ वादकांना गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. त्यांत तीन नवी होती, दोन स्त्रादिवारीची आणि एक ग्वार्नेरीचे. आवडीच्या वाद्याची निवड करताना निम्म्याहून अधिक जणांनी नवे वाद्य पसंत केले; सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला!

हीच युक्ती सामान्य ग्राहकालाही साधण्यासारखी आहे. शिक्षकांना बरोबर न्यावे, ऐपतीतली तीन-चार व्हायोलिने बाजूला काढावीत आणि ती एकाच गजाने, एकाच रागाच्या त्याच स्वरावलीत वाजवायला सांगावीत. पालकाने व मुलाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ फिरवून उभे राहावे, आणि कोणते वाद्य ऐकत राहावेसे वाटले हे ठरल्यावरच किंमत विचारावी. निवड मुलाची असू द्यावी. रोज त्याच्याशी बोलणार आहे ते तेच वाद्य.