हौशी रेडिओ : संकटकाळातील संपर्क आणि समाजाची दृष्टी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत ‘हौशी’ हा शब्द काहीसा अभागी आहे. हौशी नाट्यसंस्थेचे लोक कौतुक करतात, पण तिकीट मात्र व्यावसायिक नाटकाचे काढतात. जत्रेतल्या हौशे, नवशे, गवशे यांच्यातही हौशा म्हणजे नुसती गंमत पाहायला आलेला. ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, त्या हौशी रेडिओच्या वाट्यालाही हाच उपेक्षेचा भाव आला आहे. वास्तविक या हौसेला कायद्याची चौकट आहे. केंद्र शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळाल्यावाचून प्रक्षेपण करता येत नाही. प्रत्येक परवानाधारकाला स्वतःचे संकेतनाम मिळते. भारतात ते सामान्यतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. आणि या सेवेतून अर्थप्राप्ती करण्यास मनाई आहे.

समाजमनात हॅमची दोन चित्रे आहेत. एक, गच्चीवर तारा ताणून रात्री-अपरात्री परक्या देशांतील माणसांशी बोलणाऱ्या विक्षिप्त, किंबहुना संशयास्पद शेजाऱ्याचे. दुसरे, भूकंप वा महापुरानंतर वृत्तपत्रांत झळकणाऱ्या देवदूताचे. ही दोन्ही माणसे एकच आहेत, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

अंदमानचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. डिसेंबर 2004 मध्ये श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे (2024 पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम आहे) गेले होते. प्रयोजन निव्वळ हौसेचे होते. संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक अशा त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपणाची परवानगी क्वचितच मिळे. त्यामुळे अंदमानशी एकदा तरी संपर्क साधावा, अशी जगभरच्या हॅमची आकांक्षा होती. 26 डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, दूरध्वनी मुके झाले. ज्या यंत्रावर आदल्या दिवसापर्यंत केवळ नमस्कार-चमत्कार आणि ध्वनीच्या गुणवत्तेची नोंद चालली होती, त्याच यंत्रावरून बेटांवरील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून ही परवानगी नाकारली गेली असती, तर त्या सकाळी तेथे ते यंत्रही नसते आणि ते चालवणारे हातही नसते.

यामागे चमत्कार मुळीच नाही. भ्रमणध्वनीचा मनोरा वीज, जोडवाहिन्या आणि केंद्र यांवर अवलंबून असतो; यांपैकी एक दुवा तुटला की हातातला संच निरुपयोगी होतो. जे मनोरे तग धरतात, त्यांच्यावर एकाच वेळी हजारो लोक तुटून पडतात. हॅमला मोटारीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि दोन आधारांमध्ये ताणलेली तार एवढे पुरते. लघुलहरी आकाशातील आयनमंडलावरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर पोहोचतात. मध्ये कोणतेही केंद्र लागत नाही. मात्र कोणत्या वेळी कोणती लहर लागेल, खरखरीतून क्षीण आवाज कसा टिपावा, हे पुस्तकातून येत नाही. ते रोजच्या ‘निरर्थक’ गप्पांतूनच अंगवळणी पडते.

देवदूताच्या प्रतिमेतही अतिशयोक्ती आहेच. ढिगारे उपसण्याचे काम सैन्य आणि आपत्ती दले करतात. आता उपग्रह दूरध्वनीही आले आहेत. हॅमचे काम साधे आहे. अमुक ठिकाणी औषधे हवीत, अमुक कुटुंब सुखरूप आहे, एवढा निरोप अचूक पोहोचवणे. 2017 मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिको बेट उद्ध्वस्त झाले, तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसच्या विनंतीवरून गेलेल्या हॅमच्या कामात वाचलेल्यांची माहिती बाहेर पाठवणे हाही मोठा भाग होता. वृत्तपत्राला यात नाट्य दिसणार नाही. पण ज्या घरी ते नाव पोहोचते, त्या घराला विचारावे.

किल्लारीची आठवण महाराष्ट्राला नव्याने करून द्यावी लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाचीही त्याच दिवशी सांगता झाली होती. पुढे भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, हा समाजाच्या अभिमानाचा विषय आहे. पण मदत योग्य जागी पोहोचण्याआधी कोठे काय हवे याची वार्ता पोहोचावी लागते. अन्न, वस्त्र, औषध यांच्या दानाची परंपरा समाजात दृढ आहे. वार्तेचे दान मात्र अद्याप कोणाच्या यादीत नाही.

तसे पाहता जैन परंपरेला या शिस्तीचा परिचय नवा नाही. भाषासमितीत हित, मित आणि असंदिग्ध बोलण्याचा विवेक सांगितला आहे. संकटकाळी हॅम नेमके तेच करतो : एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, ऐकीव गोष्ट खरी म्हणून पुढे पाठवायची नाही, आलेला शब्द पुन्हा उच्चारून पडताळायचा. अफवांचे पीक येते त्या दिवसांत हा संयम फार मोलाचा ठरतो.

आता व्यवहाराची गोष्ट. शहरात हॅमला सर्वांत मोठी अडचण यंत्राची नसते, गच्चीची असते. दोन खांब आणि एक तार बांधू द्यावी, असा अर्ज गृहनिर्माण संस्थेपुढे येतो. कोणी किरणोत्साराची शंका काढतो, कोणी इमारतीच्या शोभेची, आणि अर्ज पुढील सभेवर ढकलला जातो. अशा कार्यकारिणींवर या समाजातील अनेक मान्यवर काम करीत आहेत.