घशातला चौक

स्नातकहो,

कावेरी आणि अरसलार यांच्या मध्ये कुंभकोणम् वसलं आहे आणि त्याच्या दक्षिणेला लागूनच साक्कोट्टै. चहूकडे भातशेती, त्यामुळे इथल्या गुरांच्या दावणीत वर्षभर भाताचा पेंढा असतो. तंजावर जिल्ह्यातल्याच ओरत्तनाडूला 2012 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तंजावरचे राजे सरफोजी यांनी बांधलेलं मुक्तांबा छत्र त्याच गावात आहे. वाटसरूंना जेवू घालणाऱ्या छत्राच्या गावी जनावरांच्या गिळण्याचा अभ्यास व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा. सरफोजींच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पालकाप्याचं ‘गजशास्त्र’ही आहे. पोथीतला हत्ती आणि गोठ्यातली म्हैस यांत अंतर बरंच, पण दोघांचा घास एकाच वाटेनं जातो.

ती वाट म्हणजे एक चौक. नाकाकडून येणारी हवा खाली श्वासनलिकेत उतरते, तोंडाकडून येणारा घास मागे अन्ननलिकेत जातो आणि दोघे एकमेकांना ओलांडतात ते घशात. घास मागे आला की मृदू टाळू वर उचलला जातो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्याचं तोंड मिटतं आणि क्षणभर श्वास थांबतो. जिवंत जनावराला यासाठी विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो औषध पाजणाऱ्याला.

खेड्यात पोटफुगीवर तेल पाजतात. एकजण मान उंच धरतो, दुसरा जीभ बाहेर ओढतो, तिसरा बांबूच्या नळकांड्यानं ओततो. जीभ ओढून धरली की गिळणंच अडतं आणि तेल सरळ फुप्फुसात उतरतं. मग होणारा न्यूमोनिया बहुधा मूळ पोटफुगीपेक्षा जास्त घातक ठरतो. मान जमिनीला समांतर किंवा किंचित वर, जीभ मोकळी, थोडं थोडं ओतायचं आणि खोकला आला की थांबायचं. एवढंच. शरीररचनाशास्त्राच्या जाड ग्रंथातलं हे एक पान गोठ्यात जेवढं उपयोगी पडतं, तेवढं दुसरं क्वचितच.

गाईची अन्ननलिका वरपासून खालपर्यंत पट्टेदार स्नायूंची असते. म्हणूनच ती घास उलट दिशेनं तोंडात आणून दिवसाचे सात-आठ तास रवंथ करू शकते. पोटात सतत तयार होणारा वायूही त्याच नळीनं ढेकरेवाटे बाहेर पडतो. आंब्याची कोय किंवा बटाटा तिथं अडकला तर उपासमार नंतरची गोष्ट, आधी वायू कोंडतो. डावी भकाळी फुगते आणि काही तासांत जनावर दगावू शकतं. अशा वेळी ट्रोकारनं भकाळीतून वाट काढून वायू सोडतात, कोयीचं नंतर बघतात. घोड्याचं उलटं आहे. त्याला ना रवंथ ना उलटी. त्याचा मृदू टाळू इतका लांब की अडकलेलं अन्न आणि लाळ नाकातून बाहेर येते. दृश्य भयंकर, पण तो श्वास घेत असतो, म्हणून डॉक्टरला विचार करायला वेळ मिळतो.

हत्ती मात्र या सगळ्यांहून निराळा. कुंभकोणम्‌च्या आदिकुंभेश्वर देवळातली मंगलम् हत्तीण भाविकांच्या ओळखीची. ती सोंडेनं पाणी पीत नाही. सोंडेत ओढून घेते आणि तोंडात सोडते. पाणी सोंडेतच थांबतं, श्वासनलिकेपर्यंत जात नाही. हत्तीच्या जिभेच्या मुळाशी एक पिशवीही असते. जिभेला आधार देणाऱ्या कंठिकेत बहुतेक सस्तन प्राण्यांना नऊ हाडं असतात, हत्तीला पाचच. या मोकळ्या बांधणीमुळे तिथं पाणी साठवायला जागा मिळते. उन्हाळ्यात हत्ती सोंड तोंडात घालून पाणी काढतो आणि अंगावर उडवतो, ते याच साठ्यातलं.

आणि एक गोष्ट, जी पदवीच्या दिवशी सांगायला थोडी कठोर आहे. गाईच्या तोंडातून लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, ती काही गिळू शकत नाही. मालक छातीठोक सांगतो की घशात काहीतरी अडकलंय. नव्या डॉक्टरचा हात आपसूक तिच्या तोंडाकडे जातो. पण रेबीजमध्येही घशाचे स्नायू लुळे पडतात आणि चित्र हुबेहूब हेच दिसतं. म्हणून हात घालण्याआधी काही प्रश्न विचारायचे: आवाज बदललाय का, गाय विनाकारण हंबरतेय का, महिन्या-दोन महिन्यांत गोठ्याभोवती कुत्रं फिरलं होतं का, गावात कुणाला चावलं होतं का. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत विषाणू असतो आणि बोटावरचा ओरखडा त्याला पुरेसा होतो. हात घातला गेलाच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी लस घ्यायची. पशुवैद्यानं प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी, हे वेगळं सांगायला नको. मालकाच्या घरच्यांपैकी कुणी त्या गाईच्या तोंडात हात घातला होता का, हेही विचारून ठेवायचं. कोय काढायचा प्रयत्न डॉक्टर येण्याआधी घरातल्याच कुणीतरी केलेला असतो.