संगणकाची पुस्तके : कोणती घ्यावीत, कशी वापरावीत?



थोरल्या भावाची पुस्तके धाकट्या बहिणीने वापरावीत, ही आपल्या घरांतली रीत चांगलीच आहे. अभ्यासक्रम बदलेपर्यंत गणिताचे एक पुस्तक तिघांना पुरते. प्रोग्रॅमिंगचे पुस्तक मात्र तसे पुरेलच असे नाही. मुलगी पुस्तकातला प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर उतरवते, संगणक चूक दाखवतो, आणि 'हे आपल्याला जमणार नाही' असे ती मनाशी ठरवून टाकते. वास्तविक पुष्कळदा चूक तिची नसते, पुस्तकाच्या आवृत्तीची असते.

उदाहरणच घ्या. पायथन भाषेची तिसरी पिढी डिसेंबर 2008 मध्ये आली आणि दुसरीचा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. दुसऱ्या पिढीत 'प्रिंट' या आज्ञेला कंस लागत नसे, तिसऱ्या पिढीत तो लागतोच. म्हणजे जुन्या पुस्तकातला पहिल्या पानावरचा प्रोग्रॅमसुद्धा आज चालत नाही!

फ्रेमवर्कची गोष्ट याहून अवघड. फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ किंवा ॲप उभारण्यासाठी मिळणारा तयार सांगाडा. गुगलचे अँग्युलरजेएस 2010 मध्ये आले. 2016 मध्ये ते नव्याने लिहून अँग्युलर 2 म्हणून बाहेर पडले, आणि जुन्याचा आधार 2021 अखेर थांबला. जुन्यावरची पुस्तके त्यामुळे निकामी झाली. शिवाय अँग्युलरची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी निघते. लेखकाने लिहून, तपासून, छापून पुस्तक दुकानात येईपर्यंत सांगाडा बदललेला असतो.

यावर लेखक काय करतात? आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे. त्यांचे 'लेट अस सी' हे इंग्रजी पुस्तक देशभरच्या महाविद्यालयांत वाचले जाते. जुन्या आवृत्त्या डॉसवरच्या टर्बो सीला धरून होत्या. पुढे विंडोज व लिनक्सची प्रकरणे आली. पंधराहून अधिक आवृत्त्या काढून ते पुस्तक चालते ठेवले गेले. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला दोन बाइट मिळत, म्हणून मर्यादा 32767 होती. आजच्या नेहमीच्या संगणकावर चार बाइट मिळतात. जुनी प्रत वाचणाऱ्याने एवढे जाणले तर त्याचा गोंधळ होणार नाही.

उलट बाजूही पाहावी. कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक 1978 मध्ये निघाले, दुसरी आवृत्ती 1988 मध्ये. तिसरी निघालीच नाही, तरी ते आजही वाचतात, कारण त्या भाषेचा पाया फारसा हललेला नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणे पायरीपायरीने सोडवण्याची रीत लिहिली. त्यांच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला. ती पायरीपायरीने विचार करण्याची रीत शिळी होत नाही. आपल्या खानदेशात केळीचे खोड एक घड देऊन जाते, पण जमिनीतल्या कंदातून पिल उगवते. फ्रेमवर्क हे खोड आहे. भाषेचा पाया आणि अल्गोरिदम हा कंद आहे.

तेव्हा पालकांनो, पैसे पायाच्या पुस्तकावर खर्च करा. ते वर्षानुवर्षे पुरेल. फ्रेमवर्कचे महागडे पुस्तक घेण्याआधी मुखपृष्ठामागील पानावर आवृत्तीचे साल आणि प्रस्तावनेत सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहा. पायथन व अँग्युलर यांची अधिकृत माहिती मोबाईलवरही फुकट वाचता येते. विद्यार्थ्यांनो, प्रोग्रॅम चालला नाही तर निराश होण्यापूर्वी पुस्तकातली आवृत्ती आणि संगणकातली आवृत्ती ताडून पाहा.

संस्थेलाही एक नम्र सूचना. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र असे. आपल्या ग्रंथालयातील संगणकाच्या प्रत्येक पुस्तकात तसा एक कागद चिकटवावा. ज्याला जिथे अडचण आली, त्याने पृष्ठ क्रमांक, बदल आणि तारीख तिथे लिहावी व शिक्षकांनी ते तपासावे. खर्च एका कागदाचा, पण पुढच्या वर्षी तेच पुस्तक हाती घेणाऱ्या मुलीचे दिवस वाया जाणार नाहीत, आणि तिची उमेदही टिकेल. इल्म वाटल्याने वाढतो, तो असाही वाटता येतो.