पिंपातले पाणी

१८९८ साली बंगळूरवर प्लेगची धाड आली. त्यानंतर बसवनगुडी, मल्लेश्वरम् या मोकळ्या वस्त्यांना वेग आला. तो उपाय सरकारने योजावयाचा होता. डेंग्यूचा उपाय मात्र आपल्याच हाती आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात येथे पाण्याची टंचाई पडली. घरोघर पिंपे भरली गेली. त्याच वर्षी कर्नाटक सरकारला डेंग्यू हा साथीचा रोग म्हणून जाहीर करावा लागला. आमच्या पिंपावर झाकण नव्हते. धाकट्या मुलीला ताप आला, तेव्हा माझे डोळे उघडले.

हा डास दिवसा चावतो आणि मुख्यतः स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणून शनिवारच्या मारुतीप्रमाणे पिंपाचाही वार ठरवावा. पाणी झाडांना घालावे. अंडी काठाला चिकटून राहतात, यास्तव पिंप आतून घासावे आणि पुन्हा भरून झाकावे.

ताप आल्यास ॲस्पिरिन घेऊ नये. ताप उतरताना पोटात तीव्र दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा कोठून रक्त आले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. खरा धोका तेव्हाच असतो.

पाणी जपावे, पण झाकून जपावे.