मधुमेही मुलांचे हृदय



मधुमेह हा उतारवयातील सुखवस्तू माणसांचा रोग होय, ही समजूत उज्जैनच्या मराठी घरांत काय किंवा माळव्याच्या खेड्यापाड्यांत काय, अद्याप टिकून आहे. त्यामुळे आठ-दहा वर्षांचे मूल एकाएकी वाळू लागले, रात्री पुनःपुन्हा पाणी मागू लागले, तर दोष जंतांवर किंवा दृष्टीवर ढकलला जातो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. यात गोड खाण्याचा दोष नाही, आईबापांचाही नाही. इन्शुलिन मात्र जन्मभर घ्यावे लागते.

इंजेक्शने सुरू होऊन मूल शाळेत जाऊ लागले की घर निर्धास्त होते. परंतु रक्तातील साखर सतत वाढलेली राहिल्यास रोहिण्यांच्या आतील नाजूक अस्तरास इजा पोचते. भिंती ताठर होतात, त्यांत मेद साचू लागतो. मुलाला याची वेदना नसते. हृदयविकार किंवा पक्षाघात पुढे ऐन कर्त्या वयात प्रकट होतो.

याविषयीचा भक्कम पुरावा अमेरिका व कॅनडात मिळाला. १९८३ ते १९९३ या काळात १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ मधुमेही व्यक्तींवर तेथे प्रयोग झाला. एका गटाची साखर कसोशीने आटोक्यात ठेवण्यात आली. दुसऱ्यास त्या काळचे नेहमीचे उपचार मिळाले. प्रयोगानंतर काही वर्षांत दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. तरीही २००५ मध्ये असे आढळले की, पहिल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४२ टक्क्यांनी कमी होते. आरंभीच्या वर्षांतील निगा इतक्या उशिरा फळास आली. अर्थात कसोशीच्या उपचारांत साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंगही सुमारे तिपटीने वाढले होते, हे लपविण्याचे कारण नाही.

म्हणून नुसती साखर तपासून भागत नाही. दर भेटीत रक्तदाब मोजून घ्यावा. साधारण ११ व्या वर्षापासून रक्तातील मेद व लघवीतील प्रथिने यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने करावी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या रोगाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. उज्जैनची सकाळ पोहे-जिलेबीने होते. जिलेबी टाळणे पालकांना सुचते, पण पोह्यांवरच्या मूठभर शेवेतील मीठ व तेल कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात कोणी विडी ओढीत असेल, तर तो धूर मुलाच्या रोहिण्यांनाही बाधतो.

पुष्कळ शाळांत अशा मुलास मैदानाच्या कडेला बसविले जाते. हेतू दयेचा असतो, परिणाम उलटा होतो. धावण्याखेळण्याने हृदय व रक्तवाहिन्या सुदृढ राहतात. खेळापूर्वी साखर तपासावी, शिक्षकांनी जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, आणि मुलास थरथर, घाम वा भूल जाणवताच तीन चमचे साखर पाण्यात द्यावी. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहातही साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी नेण्याची मुभा दिली. जे परीक्षागृहात चालते, ते वर्गात आणि मैदानावर चालण्यास हरकत नसावी.