रात्रीचा सयपाक, सकाळचा डबा
(सूरजागड भागातील महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



कर्जफेडीचा विषय झाला, आता सयपाकाचा. हसू नका. गटाच्या वहीत दहा रुपये इकडचे तिकडे झाले तर आपण दोनदा बेरीज करतो. पण घरात उरलेला भात कुठे गेला, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. आता तेंदूची फळी लागणार, म्हणून हे आजच बोलून घेऊ.

फळी लागली की तुमचा दिवस कसा जातो, हे मी तुम्हाला काय सांगणार! पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडायची, मग बसून 70-70 पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी मोजून द्यायचे. सकाळी चूल पेटवायला वेळच नाही. म्हणून रात्रीच मोठा गंज चढतो. दोन वेळचा भात, दोन वेळचं वरण, आणि कमी पडू नये म्हणून वरून थोडं जास्तच. त्यात आता खाणीत कामाला जाणारी माणसं आहेत. एकाची शिफ्ट सकाळची, दुसऱ्याची रात्रीची. सगळे एका वेळी जेवले तर किती उरलं ते तिथेच कळतं. आता एकाचं ताट झाकून ठेवलेलं असते आणि तो बाहेरून खाऊन येतो. जेवणार नाही एवढं सांगायला मोबाईल आहे, पण रेंज नव्हती म्हणायलाही मोबाईलच आहे.

आता हिशेब. समजा, एका घरात रोज 200 ग्रॅम तांदळाचा भात उरतो आणि खराब होतो. महिन्याचे झाले 6 किलो. रेशनवर प्राधान्य कार्डावर एका माणसाला महिन्याचं 5 किलो धान्य मिळते. म्हणजे एका माणसाचं पूर्ण रेशन गेलं आणि वरून एक किलो गेलं. अंत्योदयवाल्यांच्या 35 किलोतून पाहिलं तर सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त. धान्य फुकट मिळते म्हणून ते फुकट जाऊ द्यायचं का?

संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात लिहिलं आहे की 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरातलं होतं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे फेकतो? कोंबड्या आहेत, डुकरं आहेत. खरं आहे. पण कोंबडीच्या आधी ते उरलेलं कोणाच्या ताटात जाते? बाईच्या. "फेकवत नाही" म्हणून सकाळी वास आलेला भात बाईच खाते. घरच्यांना ताजं वरण, ताजी भाजी आणि तिला कोरडा शिळा भात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये 54.2 टक्के बायांना रक्तक्षय आढळला. शिळ्या भाताने रक्त कमी होते असं मी म्हणत नाही. पण डाळ आणि भाजी रोज दुसऱ्याच्या ताटात गेली तर हिचं रक्त वाढणार कशाने? माझ्या मते अन्नाची सगळ्यात मोठी नासाडी ही आहे आणि ती कोणत्या अहवालात दिसत नाही.

दुसरी गोष्ट भाताची. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू असतो. त्याची बीजं भात शिजला तरी मरत नाहीत. गरम भात झाकून रात्रभर ठेवला की आतल्या उबेत ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष सकाळी पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. "उकळलं की झालं" असं आपण समजतो, भाताच्या बाबतीत ते खरं नाही. मग जंगलात उलट्या, जुलाब. मे महिन्याच्या उन्हात अंगातलं पाणी गेलं तर जिवावर बेतते, लेकरू सोबत असेल तर आणखीच लवकर. पुडे बुडतात ते वेगळेच.

शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असा आरोग्याचा नियम आहे. फ्रिज असलेल्या घरासाठी तो सोपा आहे. आपल्याकडे फ्रिज नाही, जिथे आहे तिथे लाईन नाही. म्हणून माझं सांगणं असं की रात्री शिजवू नका, रात्री तयारी करा. तांदूळ-डाळ निवडून, मापून ठेवा. भाजी निवडून ठेवा, पण धुऊ नका, ओली पानं सडतात. लसूण सोला, मिरच्या काढा, काड्या-लाकडं चुलीजवळ रचून ठेवा. मग पहाटे फक्त शिजवायचं उरते. आणि ही तयारी बाईनेच करावी असं कुठे लिहिलेलं नाही. लसूण सोलायला माणसाचेही हात चालतात.

तरी काही घरी रात्रीच शिजवावं लागेल, मला माहीत आहे. मग सकाळचा वाटा जेवणाआधीच वेगळा काढा, उष्टा चमचा त्यात जाऊ देऊ नका. वरण सगळ्यात लवकर आंबते, ते रात्री फक्त एका वेळेपुरतं करा. डब्यासाठी कोरडं किंवा आंबट बरं: जवसाची चटणी, भाजलेली सुकी मासोळी, अंबाडीची भाजी. आंबट काही जर्मनच्या भांड्यात रात्रभर ठेवू नका, स्टील किंवा मातीचं घ्या. भात रात्री केलाच तर परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून निववा आणि मगच डब्यात भरा. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. वास आला, चिकट झाला, तार सुटली तर चाखूनसुद्धा पाहू नका.

आपल्या जुन्या बायांकडे याचं उत्तर होतंच. जावा, आंबील तुंब्यात भरून जंगलात न्यायची. आंबटपणामुळे बरेच जंतू वाढत नाहीत, उन्हात पोटाला पाणीही मिळते आणि पाहुणा आला तर पाणी वाढवून पुरते. पण रात्रभर झाकलेल्या भातात सकाळी पाणी टाकलं म्हणून त्याची आंबील होत नाही, हे लक्षात ठेवा.

दुपारचा ताजा भात उरला तर मीठ, जिरं, तिखट घालून कुस्करा आणि लगेच उन्हात त्याच्या वड्या घाला. आपल्या उन्हात त्या लवकर वाळतात आणि पावसाळ्यात तळायला कामी येतात.

आता काम. एक आठवडा, ज्या दिवशी भात उरला त्या दिवशी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ मारा. उरलेला भात बाईनेच संपवला असेल तर रेघेखाली टिंब द्या. कोणाला दाखवायची गरज नाही. पुढची बैठक फळीवरच संध्याकाळी घेऊ, येताना रेघा आणि टिंबं मोजून या.